हेरल्डच्या मागच्या सीटवर मुलं बसवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडात लेस्टरला राहता. १९६९ ची ट्रायम्फ हेरल्ड १३/६० कन्व्हर्टिबल नुकतीच घेतली आहे. मुलगी सहा वर्षांची, मुलगा सव्वादोन वर्षांचा. पुढच्या दोन्ही सीटना तिरके बेल्ट आहेत, मागे काहीच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत हूड, म्हणजे कापडी छत, खाली टाकून चौघांनी वेल्सला जावं असं मनात आहे. तर मुलांना मागे बसवता येईल का, आणि बसवायचं तर काय काय करावं लागेल?

मी गेली ३४ वर्षं कॉव्हेंट्रीत जुन्या ट्रायम्फ दुरुस्त करतो. हेरल्ड जिथे बनायची तो कॅनलीचा कारखाना याच गावात होता. माझी दोन्ही मुलं हेरल्डच्या मागच्या सीटवर वाढली, आता नात बसते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर आधी. गाडी आज जशी आहे तशी घेऊन निघालात, तर मुलाला मागे बसवताच येणार नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट लागतेच, आणि जिथे बेल्टच नाही तिथे त्याने प्रवास करायचा नाही, असा नियम आहे. मुलीचं वेगळं. गाडीच्या मागच्या सीटला बेल्टच नसतील, तर तीन वर्षांवरचं मूल तिथे तसंच बसलं तरी कायद्याला चालतं. मला चालत नाही. ताशी ३० मैलांनी जाणारी गाडी धडकून थांबली, की बेल्ट न लावलेल्या माणसाला बसणारा तडाखा साधारण ९ मीटर उंचीवरून खाली पडण्याइतका असतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला कठडा नाही, पण नियमाने चालतं, असं कुणी म्हटलं तर आपण मुलीला तिथे खेळायला सोडू का? बेल्ट बसेपर्यंत दोघांपैकी कुणालाच मागे बसवू नका. गाडी पन्नास वर्षं थांबली आहे, अजून दोन महिने थांबेल.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून बहुतेक आईबाप दचकतात. तुमच्या गाडीत सव्वादोन वर्षांच्या मुलाला पुढे बसवा, आणि आईने मुलीशेजारी मागे बसावं.

नव्या गाडीत मुलांची जागा मागेच, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे आणि नव्या गाडीपुरतं ते बरोबरच आहे. तिथे मागे तीन बिंदूंचा, कमर आणि खांदा दोन्ही धरणारा बेल्ट असतो, डोक्याला टेकण असतं, वर छत असतं, आणि पुढे एअरबॅग असते म्हणून पुढची जागा लहानग्याला धोक्याची. हेरल्डमध्ये यातलं काहीच नाही. एअरबॅग नाही, म्हणून उलट्या तोंडाची सीटसुद्धा पुढे बांधता येते. तिरका बेल्ट गाडीत पुढेच आहे, आणि बहुतेक चाइल्ड सीटना तोच लागतो. वारासुद्धा पुढे कमी. तेव्हा पुढची सीट रुळांवर शक्य तितकी मागे सरकवा, कारण समोरचा डॅशबोर्ड लाकडाचा आहे आणि त्याच्यापासून जितकं अंतर तितकं चांगलं. मग चाइल्ड सीट बांधून बघा. बेल्ट जुन्या पद्धतीचा, आपोआप न गुंडाळला जाणारा असेल तर त्याचं बक्कल सीटच्या कडेवर आडवं येतं का ते पाहा. येत असेल तर बेल्ट बदला.

हे करण्याआधी एक काम न चुकता करायचं. हेरल्डला दोनच दारं, त्यामुळे मागे जायला पुढची सीट अख्खी पुढे कलते. या सीटला जागेवर धरून ठेवणारा खटका नसतो. रिकामी सीट जोरात ब्रेक मारला की आपसूक पुढे झोपते. तिच्यावर चाइल्ड सीट बांधली तर मूल सीटसकट पुढे कलेल, आणि मागे बसलेल्याला समोर आधार म्हणून काही उरणार नाही. नंतरच्या गाड्यांच्या सीटना खटका असतो. तसा खटका दोन्ही सीटना बसवून घ्या. काम अर्ध्या दिवसाचं आहे. माझ्याकडे मुलांसाठी म्हणून जी कन्व्हर्टिबल येते, तिच्यात मी सगळ्यांत आधी सीटला मागून धक्का देऊन बघतो.

मागच्या बेल्टचं काम मात्र अर्ध्या दिवसाचं नाही. बाजारात बेल्टचा संच मिळतो, सोबत सूचनांचा कागद असतो, आणि माणसाला वाटतं की चार भोकं पाडली की झालं. बेल्ट किती भक्कम यापेक्षा तो ज्या पत्र्याला बांधला तो पत्रा किती भक्कम, हे बघायचं असतं. सहाएक वर्षांपूर्वी एक गाडी आली होती. मालकाने दुसऱ्या एका गॅरेजमधून मागे बेल्ट बसवून घेतले होते, नवेकोरे, चकचकीत. मी गाडीखाली आडवा झालो आणि बोल्टला पाना लावून जरा वळवला, तर बोल्टच्या भोवतीचा पत्रा खारी बिस्किटासारखा पापुद्रे सुटून माझ्या चष्म्यावर पडला. वर गालिचा, खाली डांबरी काळा थर, आणि मध्ये नुसता गंज. त्या बेल्टला त्या माणसाची दोन मुलं वर्षभर बांधलेली होती. त्याने ते पाहिलं आणि तो काही न बोलता बाहेर जाऊन उभा राहिला.

तेव्हा आधी गालिचा उचला, सीट काढा, खालचा काळा थर खरवडा. हेरल्डची चासी वेगळी आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली. चासीपासून दोन्ही बाजूंना जे हात निघतात, ते सगळ्यांत आधी गंजतात आणि बॉडीचा भार त्यांच्यावरच असतो. तिथे हातोडीने टकटक करा. घट्ट पत्रा टणटण वाजतो, सडलेला बोदा वाजतो. पत्रा चांगला निघाला तरी बोल्ट नुसत्या वायसरवर कसायचा नाही; खालून पोलादाची जाड पट्टी घालायची, म्हणजे ओढ एका भोकावर न येता हातभर पत्र्यावर वाटली जाते. बेल्टचा बोल्ट ७/१६ इंची, बारीक आट्यांचा असतो. हाताशी आहे म्हणून दुसरा कुठला तिथे ठोकू नका.

बेल्ट दोन बिंदूंचा की तीन? मांडीवरून जाणारा दोन बिंदूंचा बेल्ट बसवायला सोपा, पण जोराच्या धक्क्यात मूल कमरेतून दुमडतं आणि डोकं पुढच्या सीटच्या लोखंडी चौकटीवर जातं. बेल्ट कमरेच्या हाडावर न राहता पोटावर सरकला, तर आतल्या अवयवांना इजा होते. तीन बिंदूंचा चांगला, पण उघड्या गाडीत वरचा बिंदू घ्यायचा कुठे? बंद गाडीत छताचा खांब असतो, इथे तो नाही. चाकाच्या कमानीवर बिंदू घेतला तर तो खांद्याच्या खाली येतो, आणि धडकेत पट्टा खांदा मागे धरण्याऐवजी पाठीचा कणा खाली दाबतो. म्हणून मुलगी बूस्टरवर, म्हणजे मुलाला उंच करणाऱ्या बैठकीवर, बसलेली असताना तिच्या खांद्याच्या उंचीला किंवा किंचित वर येईल असा पक्का आधार, चासीला बांधलेला, जाणत्या माणसाकडून बनवून घ्यावा लागतो. गोळा करून चाळीस-पन्नास फोटो बघितले तरी हे काम घरी करू नका.

तोपर्यंत मधला मार्ग आहे. काही थोड्या चाइल्ड सीट नुसत्या मांडीच्या बेल्टने बांधायला मंजूर आहेत. त्यांच्यात मुलाला सीटचेच पाच पट्टे धरून ठेवतात, त्यामुळे गाडीच्या खांद्याच्या पट्ट्यावाचून अडत नाही. सीटवरचा नारिंगी शिक्का आणि पुस्तिका वाचून खात्री करा, आणि मुलीचं वजन त्या सीटच्या मर्यादेत आहे का तेही बघा. बूस्टर मात्र नुसत्या मांडीच्या बेल्टवर कधीच वापरायचा नाही. पाठ नसलेला बूस्टर हल्ली १२५ सेंटीमीटर आणि २२ किलोच्या वरच्या मुलांसाठीच मंजूर होतो. सहा वर्षांच्या मुलीला पाठ असलेलाच घ्या. हेरल्डच्या सीटची पाठ बुटकी असते, डोक्यामागे पोकळ हवा असते, आणि मागून कुणी धडकलं तर मानेला तेवढाच एक आधार राहतो. एकदा बेल्ट बसले, की १२ वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर होईपर्यंत चाइल्ड सीटचा नियम तुमच्या गाडीलाही लागू होतो, हेही लक्षात असू द्या. विमा कंपनीला बेल्टचं काम कळवा.

छताबद्दल एक शब्द. गाडी उलटली तर हेरल्डमध्ये डोक्यावर काही नाही. बेल्टने हा धोका जात नाही, कमीही फारसा होत नाही. ज्यांना मुलांना घेऊन उघड्या गाडीतून दरवर्षी लांब फिरायचं आहे, त्यांना मी ट्रायम्फ स्टॅग बघायला सांगतो. ती १९७० ते १९७७ या काळात बनली. चार माणसं बसतात आणि डोक्यावर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची भक्कम कमान आहे. तिच्या व्ही-८ इंजिनाला गरम होण्याची खोड आहे, ती वेगळी गोष्ट. हेरल्डमध्ये हा धोका कमी करण्याचा उपाय म्हणजे वेग कमी ठेवणं आणि वळणावरची शिस्त. त्याकडे पुढे येतो.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मुलांना बसवण्याआधी तुम्ही स्वतः मागे बसून अर्धा तास फिरून या. बायकोला चालवू द्या, हूड खाली, वेग ताशी ५० मैल. पुढे बसणाऱ्याची गाडी आणि मागे बसणाऱ्याची गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत, हे मागे बसल्याशिवाय कळत नाही.

वारा काचेला आपटून वर उसळतो, डोक्यांवरून जातो, आणि काचेमागे जी पोकळी तयार होते ती भरायला मागच्या बाजूने उलटा आत वळतो. म्हणून उघड्या गाडीत केस मागे उडण्याऐवजी तोंडावर येतात. पुढच्या दोघांना काचेचा आडोसा असतो, त्यांना झुळूक लागते. तोच वारा मागच्या सीटवर खाली उतरतो आणि तिथे भोवरा होतो. मी पहिल्यांदा मागे बसलो तेव्हा वीस मिनिटांत डोळ्यांना धारा लागल्या, कानशिलं बधिर झाली, आणि पुढे बायको काय बोलते आहे त्यातला एक शब्द कळेना. तोपर्यंत दोन उन्हाळे मी मुलांना तिथे बसवत होतो, आणि ती गप्प बसतात म्हणजे मजेत आहेत असं समजत होतो. त्या दिवसापासून मुलं मागे असली की मी ४५ च्या वर जात नाही.

दारांच्या काचा वर ठेवल्या की भोवरा बराच मोडतो. पुढच्या सीटमागे उभी करायची जाळी दोन सीटच्या गाड्यांसाठी ठीक आहे. मागे मुलं असतील तर तिचा उपयोग नाही, कारण ती नेमकी मुलांच्या तोंडासमोर येते.

कपड्यांचं म्हणाल तर आपली कानटोपी या कामासाठीच शिवली आहे असं मला वाटतं. हनुवटीखाली बांधली की उडत नाही, कान झाकते, आणि आतून मऊ. आजीकडून दोन विणून घ्या. स्कार्फ, ओढणी, मफलर, लांब नाड्या गाडीत नकोत, मोठ्यांच्याही गळ्यात नकोत. नर्तिका इझाडोरा डंकन १९२७ साली नीसमध्ये उघड्या गाडीत गेली ती अशीच, गळ्यातलं लांब रेशमी वस्त्र मागच्या चाकात अडकून. डोळ्यांना चष्मा द्या, पोहण्याचा चालेल. जूनमध्ये हवेत किडे असतात आणि पुढच्या गाडीने उडवलेला खडा मागच्या मुलापर्यंत पोचतो.

थंडीसाठी जाड कोट घालून बेल्ट आवळायचा नाही. कोट फुगीर असतो. पट्टा वरून घट्ट वाटतो आणि धक्क्यात कोट चेपला की चार बोटं ढिला निघतो. कोट काढायचा, पट्टे अंगाशी नीट आवळायचे, आणि मग वरून गोधडी पांघरायची. आमच्या घरी आईने साताऱ्याहून आणलेली एक गोधडी आहे, जुन्या नऊवारींची. तिचा एक कोपरा हेरल्डच्या सीटखालच्या ग्रीसने कायमचा काळा झाला आहे. गोधडी जड असते, वाऱ्याने उडत नाही, आणि मूल झोपलं तर मान टेकवायला तिचीच घडी घालता येते. पांघरूण पट्ट्यांच्या वर, पट्ट्यांच्या खाली नाही, एवढं पाळा.

ऊन हा इथला फसवा भाग. वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी नाक, मान, हातांचे वरचे भाग लाल झालेले असतात. आपली मुलं सावळी आहेत म्हणून त्यांना ऊन लागत नाही, हा गैरसमज काढून टाका. निघताना क्रीम, दर दोन तासांनी पुन्हा, आणि पाणी तहान लागण्याआधी.

आवाजाचं आणखी एक. मूल मागे बांधलेलं, हात तुमच्या खांद्यापर्यंत पोचत नाही, आणि वाऱ्यात त्याची हाक ऐकू येत नाही. उलटी होते आहे, पट्टा रुततो आहे, माशी डोळ्यात गेली, काहीही झालं तरी ते तुम्हाला सांगू शकत नाही. आम्ही सायकलची घंटी आणली आणि पुढच्या दोन सीटच्या मधल्या पट्टीवर, मुलीचा हात पोचेल अशी, स्क्रूने बसवली. एकदा वाजवली की ‘बघा’, दोनदा वाजवली की ‘थांबा’. दोनदा वाजली की पहिल्या सुरक्षित जागी थांबायचंच, कारण विचारायचं नाही, आणि उगाच वाजवली म्हणून रागवायचं नाही. पहिल्या दिवशी तिने अकरा वेळा थांबवलं. आठवड्याने खरोखर गरज असेल तेव्हाच वाजायला लागली. आज तीच घंटी नातीच्या हाताशी आहे, तिचा झिलईचा मुलामा अंगठ्याच्या जागी घासून गेला आहे. तुमच्या बाबतीत आई मागे बसणार असेल तर निम्मं काम तिनेच होईल, तरी घंटी लावाच.

हूड वर असताना एक धोका जास्त असतो, तो लोकांना माहीत नसतो. पाऊस थांबला, आत गुदमरतंय म्हणून कुणी मागची प्लॅस्टिकची काच तेवढी उघडी टाकतं. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी असतो, तिथे सायलेन्सरचा धूर रेंगाळतो, आणि मागची काच उघडी असली की तो आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. मूल शांत झोपलं आहे असं वाटतं. म्हणून हूड एक तर पूर्ण खाली, नाही तर पूर्ण बंद आणि दारांच्या काचा थोड्या उघड्या. मधलं काही नाही. निघण्याआधी सायलेन्सरचे सांधे आणि डिकीच्या झाकणाचं रबर तपासा. मुलाचं डोकं दुखतं असं त्याने म्हटलं की लगेच गाडी थांबवून बाहेर काढा.

हूड उघडायच्या-मिटायच्या सांगाड्यात बोटं सापडतात. कात्रीसारखे सांधे आहेत. हूड हलवताना मुलं गाडीबाहेर, रस्त्यापासून लांबच्या बाजूला, आईचा हात धरून. घरासमोर दहा वेळा सराव करा. वेल्समध्ये पाऊस तुम्हाला सराव करायला वेळ देणार नाही.

आता गाडी. मुलं बसणार म्हटल्यावर तीन गोष्टींवर मी आधी हात ठेवतो.

पहिली, पुढच्या चाकांचे खालचे सांधे, ज्यांना आम्ही ट्रनियन म्हणतो. त्यांना ग्रीस नाही, गिअरचं दाट तेल लागतं, ईपी ९०, साधारण दर ६००० मैलांना. ग्रीस मारत राहिलं की आत आट्यांपर्यंत ते पोचत नाही, पाणी शिरतं, उभा दांडा गंजून तिथेच तुटतो आणि चाक गाडीखाली आडवं होतं. असं होताना बहुतेक वेळा गाडी हळू वळत असते, पण भरवसा कशाला ठेवायचा? मागच्या मालकाने तेल घातलं होतं का हे विचारत बसू नका. खोलून बघा, शंका आली तर नवे घाला.

दुसरी, पेट्रोलच्या नळ्या. टाकी डिकीत, म्हणजे मुलांच्या पाठीशी. सप्टेंबर २०२१ पासून इथे साधं पेट्रोल ई१० झालं, १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं. जुन्या रबराला ते खातं. नळीला नखाने दाबून बघा. चीर दिसली किंवा बाहेरून ओलसर लागली तर सगळ्याच बदला, इथेनॉलला टिकणाऱ्या आर ९ जातीच्या. पेट्रोल कमी इथेनॉलचं, ई५ च भरा. आग विझवायचं नळकांडं डिकीत ठेवू नका, चालकाच्या हाताशी ठेवा.

तिसरी, ब्रेक आणि मागचा पाटा, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. १३/६० ला पुढे डिस्क आहेत हे बरं, पण जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. ब्रेकचं तेल जुनं असेल तर बदला. पुढच्या गाडीपासून तुमच्या रोजच्या गाडीत ठेवता त्याच्या दुप्पट अंतर ठेवा, आणि त्या मोकळ्या जागेत कुणी घुसलं तर पुन्हा मागे या. हेरल्डची मागची चाकं आडव्या पाट्याला टांगलेली आहेत आणि मधल्या सांध्यावर झुलतात. वळणात वेगाने शिरून मध्येच घाबरून पाय उचलला, तर मागची बाजू वर उचलली जाते, चाक आत मुडपतं आणि गाडी गिरकी घेते. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात पाय स्थिर, बाहेर पडताना हलकं अॅक्सिलरेटर. हे एवढं हातात बसलं की ही गाडी गुणाची आहे. पाटा बसका असेल तर चौघांच्या वजनाने आणखी बसेल, तोही बघा.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणी सक्तीची नाही. तुम्ही ती करून घ्या. दुसऱ्याच्या डोळ्याला आपल्याला न दिसलेलं दिसतं, आणि मुलं बसणाऱ्या गाडीत ते दिसायलाच हवं.

पुण्या-नाशिककडचे वाचकही हाच प्रश्न जुन्या उघड्या जीपबद्दल विचारतात, म्हणून तेही इथेच सांगतो. हेरल्ड आपल्याकडे नवी नाही. मद्रासला १९६१ पासून स्टँडर्ड हेरल्ड बनत होती, माझ्या काकांची फिकट निळी सदाशिव पेठेत उभी असायची आणि तिचं पुढे उघडणारं अख्खं बॉनेट बघायला आम्ही पोरं जमायचो. जीपमध्ये मागची बाकं आडवी असतात, मुलं एकमेकांकडे तोंड करून बसतात. त्या बाकांवर मुलांना बसवूच नका. आडव्या बसलेल्याला बेल्ट लावला तरी धडकेत तो अंग कुशीवर पिळतो, आणि चाइल्ड सीट तिथे बांधताच येत नाही. पुढे तोंड केलेली सीट आणि बेल्ट बसवता आले तरच बसवा. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आहे: १४ वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड. आणि ५० वर्षांवरची गाडी २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ क्रमांकाची व्हिंटेज म्हणून नोंदवणार असाल, तर ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. मुलांना घेऊन महाबळेश्वर हे त्यात बसत नाही. नोंदणी करण्याआधी विचार करा.

परत तुमच्याकडे. वेल्स पहिल्याच फेरीत नको. पहिली फेरी घराभोवती वीस मिनिटं, जेवण झाल्यावर लगेच नाही. दुसरी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्यूझियमपर्यंत, फॉस वेवरून. तो जुना रोमन रस्ता सरळसोट आहे, ट्रक कमी, दोन्ही बाजूंना शेतं. मुलगी मागे बसून पहिल्यांदा ओल्या गवताचा, मेंढ्यांचा, कुणाच्या तरी चुलीतल्या लाकडाच्या धुराचा वास घेईल आणि घंटी वाजवून विचारेल, हा कसला वास. बंद गाडीत वाढलेल्या मुलांना हे मिळत नाही. एवढा खटाटोप मी त्यासाठीच करतो.

वेल्सला निघाल तेव्हा मोटरवे टाळा. हिंक्लीपासून कॅनकपर्यंतचा ए५ रस्ता ट्रकांनी भरलेला असतो, आणि हेरल्डच्या मागच्या सीटवरचं मूल ट्रकच्या चाकाच्या मध्याच्या उंचीला येतं. तेवढा टप्पा हूड बंद ठेवून, सकाळी लवकर उरका. श्रूझबरीला मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी हूड उघडा आणि लँगॉलेनवरून बेटुस-इ-कोइडकडे जा. इंजिनियर टेलफर्डने हा रस्ता टपालाच्या घोडागाड्यांसाठी बांधला, म्हणून डोंगरातून जातानाही चढ-उतार सौम्य आहेत. जुन्या ब्रेकांना आणि लहान मुलांच्या पोटाला दोन्हीला ते मानवतं. दर पाऊण तासाने थांबा, मुलं थकलेली दिसत नसली तरी. प्रत्येक थांब्यावर पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघा, मुलांची कानशिलं हाताने चाचपा. गार लागली तर हूड बंद करा, ऊन असलं तरी.

बेल्टच्या कामासाठी गाडी आणायची असेल तर चाइल्ड सीट सोबत आणा, आणि मुलीलाही. तिच्या खांद्याची उंची तिला बसवूनच मोजावी लागते.